तामूच्या बरणीवरचा अंगठा

शाळेच्या ऑफिसबाहेरच्या भिंतीवर माझा फोटो लावलाय. हातात मोठं तबक, तबकात कुसकुसचा, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांचा डोंगर, डोंगरावर सात भाज्या आणि डोंगरामागे मी, सगळे दात दाखवून हसणारी. खाली लिहिलंय, ‘इतिमाद, अकरावी ब. घरच्या पदार्थांच्या स्पर्धेत पहिली.’ फोटो झकास आलाय. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी दिसतही झकास होते.

त्याआधी मला वर्गात कुत्रं विचारत नव्हतं. फळ्यासमोर उभं केलं की पाय लटलटायचे, आवाज घशातच राहायचा, आणि पहिल्या बाकावरची हिंद मागे वळून म्हणायची, “बाई, हिचा आवाज घरी राहिलाय, उद्या आणेल.” आता तीच हिंद मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी बसते आणि मला अक्रोड सोलून देते. मी ते खाते. आभार मानत नाही. मोठ्या माणसांना सारखं आभार मानत बसायला वेळ नसतो.

तर हा फोटो तामूमुळे आहे. म्हणजे तामूच्या बरणीमुळे.

तामू माझ्या थोरल्या काकांची मुलगी. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तेव्हा खरं तर ताई म्हणायला हवं. पण जी रोज सकाळी आपले बूट पुसून दारात ठेवते तिला ताई म्हणायला जीभ वळत नाही. ती दीड वर्षांची असताना तिची आई गेली, अकरा वर्षांची असताना वडील. मग ती डोंगरातल्या गावाहून इथे सफ्रूला आमच्याकडे आली. सामान म्हणजे एक गाठोडं आणि मांडीवर ती मातीची बरणी. आई सांगते, गाडीतून उतरताना ती तोंडावर आपटली, गुडघे फुटले, पण बरणी पोटाशी धरूनच पडली. आई ही गोष्ट पाहुण्यांना हसवायला सांगते. पाहुणे हसतात. तामू चहा ओतत असते.

आमच्या घराण्यात मुलगी झाली की चाळीस दिवसांच्या आत तिची आई लोणी खारवून बरणीत भरते. त्याला आम्ही स्मेन म्हणतो. वर कापड बांधायचं, त्यावर माती आणि राखेचा लेप द्यायचा, आणि लेप ओला असतानाच मधोमध स्वतःचा अंगठा दाबायचा. मग ती बरणी जिन्याखालच्या अंधारात जाते आणि मुलीच्या लग्नाच्या आदल्या शुक्रवारपर्यंत तिथेच मुरते. त्या शुक्रवारी नवऱ्या मुलाची आई येते, लेप स्वतः फोडते, वास घेते, आणि स्वतःच्या हाताने ते लोणी कुसकुसात कालवून सगळ्यांना वाढते. झालं, मुलगी त्यांची. त्याआधी बरणीला हात लावायचा नाही. एकदा उघडलेली बरणी पुन्हा बंद होत नाही, असं आमच्याकडच्या बायका म्हणतात, आणि म्हणताना एकमेकींकडे बघतात.

जिन्याखाली दोन बरण्या होत्या. एक माझी, सोळा वर्षांची. एक तामूची, तेवीस वर्षांची.

तामू दर शुक्रवारी सगळी भांडी घासून झाली की कोरडं फडकं घेऊन जिन्याखाली शिरायची, दोन्ही बरण्या पुसायची, आणि स्वतःच्या बरणीवरच्या त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून थोडा वेळ बसायची. तिच्या आईचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नव्हता. तो खळगा तेवढा होता. तिचा अंगठा त्यात असा बसायचा की मध्ये केस जाणार नाही.

“झालं का आईला भेटून?” आई स्वयंपाकघरातून ओरडायची. “आई मेली पण बरणी ठेवून गेली बरं! बरणीला जेवायला घालावं लागत नाही. तुला लागतं.”

“आले, काकू,” तामू म्हणायची.

त्या थंडीत तामूचं लग्न ठरलं. मुलगा इद्रिस, फेस शहराच्या रस्त्यावर टॅक्सी चालवणारा, जरा बुटका, पण हसरा. त्याची आई लल्ला रकिया, म्हणजे आमच्या वर्गातल्या हिंदची सख्खी आत्या. जूनमध्ये चेरीचा हंगाम संपला की लग्न. तामूच्या डोळ्यांत तेव्हा काय चमक होती! ती संध्याकाळी लग्नाच्या झब्ब्याची रेशमी बटणं वळत बसायची आणि गुणगुणायची. बारा वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला ते जरा अतीच वाटलं. टॅक्सीवालाच तर होता.

“तिकडे गेल्यावर,” ती मला एकदा म्हणाली, “सकाळी उठून मी आधी स्वतःसाठी चहा करीन. सगळ्यात पहिला पेला माझा.”

एवढंच तिला हवं होतं. पहिला पेला.

फेब्रुवारीत शाळेने स्पर्धा जाहीर केली. आमच्या बाईंनी नावं विचारली आणि माझा हात आपोआप वर गेला. सगळा वर्ग वळून बघायला लागला. हिंद म्हणाली, “तू? तुला पाणी तरी उकळता येतं का गं?” मी म्हटलं, “ये आणि चाटून बघ.” हे माझ्या तोंडून निघालं यावर माझाच विश्वास बसेना. पण निघालं, आणि वर्ग हसला, आणि या वेळी माझ्यावर नाही.

आता सांगायला हरकत नाही, कुसकुस तामूनेच वळलं. पहाटे उठून परातीत रवा घेतला, पाण्याचा हात मारत मारत तळव्याखाली मोहरीएवढे दाणे केले, चाळले, वाफेवर चढवले, उतरवले, हाताने मोकळे केले, पुन्हा चढवले. मी भोपळा चिरला. अर्धा. तिसऱ्या वाफेच्या आधी तामू पाव भाजायला गल्लीच्या भट्टीवर गेली. जाताना म्हणाली, “इत्तू, दाण्यांवर पाणी शिंपडून ठेव. मी आलेच.”

मी शिंपडलं. चव घेतली. छान होती. पण छान तर हिंदच्या आईचंही होतं. त्यांच्या घरी फेसचा आचारी येऊन गेला होता म्हणे. मला छान नको होतं. मला असं हवं होतं की परीक्षकांनी चमचा तोंडात घालावा आणि डोळे मिटावेत.

मी जिन्याखाली गेले.

माझी बरणी पुढे होती. तामूची मागे. मी मागची घेतली. सोळा आणि तेवीस, सात वर्षांचा फरक जिभेला कळतो. शिवाय माझी ती माझी होती.

लेप सुरीने उचकटला. वास आला तो असा, जुन्या चामड्याचा, खारट, कडवट, आणि मागून गोड. हात दाण्यांच्या पाण्याने ओला होता, तसाच घातला. चमचा कशाला शोधू? लहानपणापासून आई शंभरदा सांगत आली होती, स्मेनला पाण्याचा थेंब म्हणजे विष. पण घाईत कुणाला आठवतं? आधी सुपारीएवढं घेतलं. मग अजून एकदा. मग मूठभर. वर खड्डा दिसायला लागला, तेव्हा ताकावरचं ताजं लोणी त्यात थापून सारखं केलं. चुलीची राख, कुंडीतली माती, नवा लेप. मधोमध माझा अंगठा दाबला. तामू पाव घेऊन आली तेव्हा मी हात धुऊन ओढणी नीट करत होते.

“कसला वास येतोय गं?” तिने नाक वर केलं.

“माझ्या यशाचा,” मी म्हटलं. ती हसली. माझ्या कपाळावरचं पीठ तिने ओढणीने पुसलं.

परीक्षकांनी डोळे मिटले. त्यातल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “पोरी, ही चव वीस वर्षांची आहे. कुणाची?” सगळे बघत होते. हिंद बघत होती. मी मान ताठ केली आणि म्हटलं, “माझ्या हातची.”

त्या दिवसापासून माझा आवाज जो आलाय तो गेला नाही.

पुढच्या शुक्रवारी तामू फडकं घेऊन जिन्याखाली शिरली. मी पायरीवर बसून इतिहास पाठ करत होते. माझी दोन पानं पाठ झाली. मग ती बाहेर आली. अंगठा पुढे धरलेला, जणू त्याला काही चावलंय.

“इत्तू, बरणी कुणी उघडली?”

“कुठली बरणी?”

“हा अंगठा माझ्या आईचा नाही. लहान आहे. माझा बसत नाही त्यात.”

“तुझा जाडा झाला असेल. लग्न ठरल्यापासून खातेस किती!”

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मी अंगठा मुठीत घेतला. तेवढ्यात आई आली. “काय चाललंय?” तामूने सांगितलं. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. आईला कळलं, ते मला कळलं. मग आई तामूला म्हणाली, “बारा वर्षं घासते आहेस त्या लेपावर. झिजला असेल. आणि आमच्या पोरीवर आळ घेताना जीभ झडली नाही तुझी? जिच्या ताटात जेवतेस तिच्यावर?”

“मी आळ नाही घेतला, काकू. विचारलं.”

“मग विचारू नकोस.”

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने मला गाठलं. रडली वगैरे नाही. हळू आवाजात, घाईघाईने बोलली. “मला राग नाही, इत्तू. खरंच नाही. झालं ते झालं. फक्त लल्ला रकियांना एकटीला गाठून सांग, मी शाळेसाठी घेतलं म्हणून. एक वाक्य. त्या दिवशी सगळ्यांदेखत बरणी उघडली आणि... तुला माहितीये लोक काय म्हणतील. मला दुसरं स्थळ यायचं नाही. मी याच घरात म्हातारी होईन.”

“पण हिंद त्यांची भाची आहे. दुसऱ्या दिवशी शाळाभर होईल. फोटो काढून टाकतील.”

“फोटो,” ती म्हणाली.

“बघते,” मी म्हटलं.

आणि काय सांगू, त्या ‘बघते’ची गंमत मला तेव्हा कळली. आपल्या एका वाक्यावर कुणाचं तरी सगळं अडकलेलं असणं! मी रोज बघत होते. तामूने माझे गणवेश इस्त्री केले. माझ्या भूगोलाच्या वहीत नकाशे काढले. एक दिवस मी म्हटलं, माझ्या सणाच्या झब्ब्याला एकवीस रेशमी बटणं हवीत, चेरीएवढी, घट्ट विणीची. तिने स्वतःच्या लग्नाच्या झब्ब्यासाठी वळलेली बटणं उसवून मला दिली. “सांगशील ना?” “सांगेन गं. योग्य वेळ येऊ दे.” मार्च गेला, एप्रिल गेला. रस्त्यावर लल्ला रकिया दोनदा भेटल्या, एकदा तर अगदी एकट्या. माझे गाल कुरवाळून म्हणाल्या, “आमची बक्षीसवाली!” मी हसले आणि त्यांच्या हाताचा मुका घेतला. योग्य वेळ नव्हती.

जूनमधला तो शुक्रवार आला. दुपारच्या नमाजानंतर बैठकीत सतरा बायका. हिंदही होती, नवा झगा घालून. तामूने तीन वाफांचं कुसकुस परातीत ओतलं. त्याचा प्रत्येक दाणा सुटा होता, तिच्या हातचं कधी चिकटत नाही. मग तिने बरणी आणून लल्ला रकियांच्या पुढ्यात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. ते एक वाक्य सांगायला अजून वेळ होता. मी झब्ब्याची बटणं मोजत होते.

लल्ला रकियांनी अल्लाचं नाव घेतलं आणि पितळी किल्लीने लेपावर ठोकलं. माती फुटली. कापड वर आलं. पुढच्या दोघी एकदम मागे सरकल्या.

आत हिरवी बुरशी होती. शेवाळासारखी, केसाळ. वास असा की चेरीच्या ताटावरच्या माश्याही उडाल्या.

“ही उघडलेली बरणी आहे,” लल्ला रकिया म्हणाल्या.

“उन्हाळा फार झाला यंदा,” आई म्हणाली.

“तेवीस वर्षं काय हिवाळाच होता?” त्यांनी बोट आत घालून बुरशीखालचं पांढरं लोणी बाहेर काढलं आणि सगळ्यांना दाखवलं. “हे ताजं थापलंय वरून. कुणीतरी खाल्लंय आणि झाकलंय.” मग त्या तामूकडे वळल्या. आवाज मात्र मऊ. म्हणून जास्त वाईट. “मुली, आईची बरणी जिला लग्नापर्यंत राखता आली नाही, तिने आणखी काय काय राखलंय ते मी कसं ओळखू?”

कुणी खोकलं. कुणी ओढणी तोंडावर घेतली. तामू उभी होती, हातात पळी. “इत्तू,” ती म्हणाली. नुसतंच. सतराच्या सतरा माना माझ्याकडे वळल्या.

“तुला काही ठाऊक आहे का गं, बाळ?” लल्ला रकियांनी विचारलं.

हिंद माझ्याकडे बघत होती. तोंड थोडं उघडं, जुनं हसू ओठांच्या कोपऱ्यात येऊ बघत होतं. मला वर्गातला फळा दिसला. पण पाय लटलटले नाहीत. आवाज खणखणीत आला.

“मला काय ठाऊक?” मी म्हटलं. “जिन्याखाली दर शुक्रवारी तामूच तर जाऊन बसते. तासन्‌तास. काय करते ते आम्ही कधी विचारलं नाही.”

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

लल्ला रकिया उठल्या. सोबतच्या बायका उठल्या. दारात चपला शोधायचा खूप आवाज झाला. इद्रिसची टॅक्सी त्यानंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबत नाही, वरच्या चौकातून वळते. त्याने निरोप धाडला होता म्हणे, आईपुढे मी काय बोलणार?

बायका गेल्यावर आई परातीसमोर बसली. “सतरा जणींचं कुसकुस. आता टाकायचं का? वाढ.” मग बरणीत डोकावून म्हणाली, “वरचं खरवडून काढ. खालचं चांगलं असेल. इतक्या वर्षांचं लोणी फेकायची ऐपत नाही आपली.”

तामूने वरचं खरवडलं. खालचं खरंच चांगलं होतं. गडद, मधासारखं. तिने ते कालवलं, आम्हाला वाढलं, आणि आम्ही जेवलो. बाबांनी दोनदा मागून घेतलं. सगळा उन्हाळा आम्ही दर शुक्रवारी तामूचं लग्न थोडं थोडं खाल्लं. इतकं चविष्ट कुसकुस आमच्या घरी पुन्हा होणार नाही.

ऑक्टोबरात बरणी संपली. तामूने ती गरम पाण्याने धुतली, गच्चीवर पालथी घातली. मला वाटलं आता शुक्रवारचं ते जिन्याखाली बसणं संपलं.

नाही संपलं. पुढच्या शुक्रवारी भांडी आवरल्यावर ती फडकं घेऊन शिरली. मी पायरीवरून वाकून पाहिलं. ती माझी बरणी पुसत होती. हळूहळू, बुडापासून वरपर्यंत. मग तिने अंगठा लेपावरच्या खळग्यात ठेवला आणि बसून राहिली.

“ती माझी आहे,” मी म्हटलं.

“माहितीये. म्हणून तर जपते.”

त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून हसले. काय करणार ती? मग हसू थांबलं. सकाळी शाळेत जायच्या आधी मी टॉर्च घेऊन जिन्याखाली गेले. लेप होता. खळगा होता. पण हा तोच खळगा का? मी कधी नीट पाहिलाच नव्हता. तामूसारखी मी तिथे कधी बसले नव्हते.

मी आईला ओढत आणलं. “अंगठा ठेव.”

“काय गं हे खूळ?”

“ठेव ना!”

आईने ठेवला. बसला नाही. आई हसायला लागली. “सतरा वर्षांपूर्वी बारीक होते गं मी! आता हे अंगठे म्हणजे गाजरं झालीत.” आणि निघून गेली.

तामू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नुकतं कुसकुसाच्या दाण्यांना पाणी मारलेलं. हातातून पाणी टपकत होतं, फरशीवर टप टप.

“तू उघडलीस का?” मी विचारलं.

“कुठली बरणी?” ती म्हणाली.

“तामू!”

तिने ओले हात नुसते झटकले.

“ताई,” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज कुठेतरी आतच राहिला. “ताई, खरं सांग ना.”

ती माझ्याजवळ आली. माझ्या कपाळावर काही नव्हतं, तरी तिने ओल्या हाताने ते पुसलं. प्रेमानेच पुसलं असेल. मला गार लागलं.

“बघते,” ती म्हणाली. “योग्य वेळ येऊ दे. तुझ्या लग्नाच्या आदल्या शुक्रवारी कळेलच. मी इथेच असेन, कुसकुस मीच करीन. आणि तोवर दम निघत नसेल तर उघडून बघ ना. तुझीच बरणी आहे.”

ती आत गेली. चुलीवर तिसरी वाफ चढली होती. मी सुरी घेऊन जिन्याखाली बसले. लेपाच्या कडेला सुरी लावली. काढली. पुन्हा लावली.

“इत्तू,” आतून तामूचा आवाज आला, अगदी गोड, “चहा झालाय गं. पहिला पेला मी घेतलाय. तुझा भरू का?”